रिकाम्या प्लॉटवरचा कुकर

गवत कापायचं यंत्र खांद्यावर घेऊन दारात उभे असलेले दोन गृहस्थ.

रकाना क्रमांक सात.

प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या. आत बिसीबेळे भात.

'तीस दिवसांत कन्नड.' (मी अकराव्या दिवशी सोडलं.)

माझे सासरे, बनियनवर, दिवाणखान्याच्या मधोमध: "मग आम्ही राहतो कुठं हो?"

"हात्तिच्या! एवढंच ना? मी करतो की!"

शेवटचं वाक्य माझं. खरं तर ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. पण या प्रकरणात क्रम राहिला असता तर घरही राहिलं असतं.

बरं, क्रमाने सांगतो.

माझे सासरे नरसिंगराव, म्हणजे अण्णा, यांचं बसवनगुडीत दुमजली घर आहे. वर अण्णा आणि सासूबाई राहतात, खाली तनय नावाचा भाडेकरू. मी आणि माझी बायको मनस्विनी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटमध्ये. सासरच्या घराण्याला बंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, मला पुण्याहून येऊन चार. कन्नड कुणाला येतं हे यावरून कळावं. पण मला वाटायचं, मलाही येतं!

सासूबाईंची, म्हणजे सुशीलाबाईंची, आयुष्यात एकच मागणी होती. या घराच्या एका तरी कागदावर आपलं नाव असावं. लाइटबिल अण्णांचं, पाणीपट्टी अण्णांची, दारावरची पितळी पाटी अण्णांची. घरात त्यांच्या नावावर होतं ते फक्त गॅसचं कार्ड. स्वयंपाक कुणी करायचा याबद्दल सरकारच्या मनात शंका नको म्हणून असेल.

अण्णांच्या सत्तरीच्या शांतीला पंगतीत अचानक घोषणा झाली. पुरणपोळीवरच्या तुपाचा परिणाम असावा.

"सुशीला, वरचा मजला तुझ्या नावे! दानपत्र करतो!"

"आणि खालचा?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"खालचा राहू दे की माझ्याकडं. पुरुषमाणसाला स्वल्प मान नको?"

"मागंही असंच म्हटलेलात. तेव्हा पंचांग आडवं आलं. त्याच्या मागं गुडघा आडवा आला."

"येत्या शुक्रवारी साडेअकरा!" अण्णांनी पाटावर थाप मारली. "शुक्रवारी नाही झालं तर पुन्हा विषय काढायचा नाही. सरी?"

"सरी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला मठ्ठा माझ्या मांडीवर सांडला.

आता अडचण. दस्त नोंदवायचा तर ई-खाता लागतो. पुण्यात कुणी "खाता का?" विचारलं तर माणूस "नको, जेवून आलोय" म्हणतो. इथे खाता म्हणजे घर कुणाचं याची सरकारदरबारची नोंद. ती हल्ली संगणकावर असावी लागते. अण्णांची नोंद अजून हिरव्या फायलीत, हळदीच्या बोटासकट झोपलेली.

"एजंटाला देऊ," अण्णा म्हणाले.

आणि मी ते वाक्य बोललो. हात्तिच्या!

त्या आठवड्यात आम्ही बसवनगुडीतच मुक्काम ठोकला. दोन रात्री जागून मी अर्ज भरला. कागदांचे फोटो चढवले. सोमवारी निरीक्षक जागा बघायला येणार असा निरोप आला. अण्णा त्या वेळी मूळ खरेदीखत आणायला बँकेच्या लॉकरकडे निघाले होते. चपला घालता घालता त्यांनी बजावलं, "पुष्कर, भाडेकरूचं नाव काढू नका हां! पंधरा वर्षं मी सगळं घर स्वतःच्या वापरात आहे म्हणून कर भरतोय. भाड्यानं दिलंय म्हटलं की दुप्पट लावतात!"

"अण्णा, तुम्ही निर्धास्त जा!"

निर्धास्त हा शब्द मी आता वापरत नाही.

निरीक्षक आला. स्कूटरवरून उतरलादेखील नाही. बसल्या बसल्या टॅब काढला आणि विचारलं, "केळगे यारू?"

'यारू' म्हणजे कोण, हे नवव्या दिवसाच्या धड्यात होतं. कोण राहतं विचारतोय! मी खूश झालो, आणि खुशीत जीभ घसरली.

"भाडेकरू!" मी जमिनीकडे बोट केलं. "खाली!"

"ओ! खाली?"

"खाली, खाली!"

त्याने टॅबवर टिचकी मारली. दुप्पट करबिर काही बोलला नाही. किती सज्जन माणूस!

"सरी. मेले?"

मी एक पायरी मागे सरलो. "मेले?"

"हां. मेले यारू?"

कोण मेले? मग प्रकाश पडला. मालमत्तेचं काम आहे, वारसांची चौकशी होणारच! मृत्यूचे दाखले मागणार हा! छे, छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत. मी दोन्ही हात हलवले आणि आयुष्यातलं पहिलं संपूर्ण कन्नड वाक्य ठणकावलं,

"इल्ला! मेले यारू इल्ला!"

निरीक्षकाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तेवढ्यात सासूबाई कॉफी घेऊन आल्या. मी आधारची झेरॉक्स शोधायला आत गेलो. परत येईपर्यंत पेला रिकामा होता आणि स्कूटर कोपऱ्यावर.

मंगळवारी ई-खाता आला! एका दिवसात! मी प्रिंट काढली, देवासमोर ठेवली, पेढे वाटले. फक्त वाचली नाही. ती कन्नडमध्ये होती.

बुधवारी दारात ते दोन गृहस्थ. खांद्यावर गवत कापायचं यंत्र, हातात महापालिकेची नोटीस. मनस्विनीने ती वाचली आणि मराठीत करून सांगितली.

"'आपल्या रिकाम्या जागेत गवत वाढले असून ती साफ करण्यात येत आहे.' पुष्कर, कुठली रिकामी जागा?"

अण्णा बनियनवर बाहेर आले. आत कुकरची पहिली शिट्टी झाली.

"अहो, इथं घर आहे!" मी म्हणालो.

त्यांच्यातल्या वयाने मोठ्या गृहस्थाने घराकडे नीट पाहिलं, मग कार्यालयात फोन लावला. फोनवर बराच वेळ "हौदु, हौदु" केलं. "आहे म्हणा," तो आम्हाला म्हणाला, "पण सिस्टिममध्ये नाही."

"मग आम्ही राहतो कुठं हो?" अण्णांनी विचारलं.

त्याबद्दल त्यांना काही सूचना नव्हती. काम केल्याशिवाय जाता येत नाही म्हणाले. शेवटी सासूबाईंच्या कुंडीतला गवती चहा कापला, 'जागा साफ केली' या कागदावर सही मागितली आणि गेले.

सही मी केली. दोघं उन्हातान्हाचे आले होते हो!

मनस्विनीने देवासमोरची प्रिंट उचलली. रकाना क्रमांक सात. मालमत्तेचा प्रकार: 'खाली निवेशन'.

"म्हणजे?"

"रिकामा प्लॉट. निरीक्षक काय म्हणाला होता तुला? शब्दन् शब्द सांग."

मी सांगितला. ती आधी हसली. मग अण्णांकडे बघून थांबली. मग पुन्हा हसली.

"कन्नडमध्ये मेले म्हणजे वर! आणि खाली म्हणजे रिकामं! 'केळगे', म्हणजे खाली, कोण राहतं विचारलं, तू म्हणालास रिकामं. वर कोण विचारलं, तू म्हणालास कुणी नाही!"

तिसरी शिट्टी झाली. रिकाम्या प्लॉटवर.

(इथे गुरुवार होता. तो मला गाळायचा होता, पण प्रूफ बघताना मनस्विनीने परत घातला.)

गुरुवारी मी कार्यालयात गेलो. सोबत घराचे चौदा फोटो, त्यातल्या दोनात मी. कारकुनाने माझीच सही पुढे केली.

"जागा साफ झाली असं तुम्हीच लिहून दिलंय. घर होतं तर साफ कसं झालं?"

"गवती चहा कापला हो!"

"आणि समजा घर आहे. मग रिकाम्या प्लॉटवर विनापरवाना बांधकाम झालं. ते पाडायची नोटीस निघते. काढू?"

"नको, नको! नुसती दुरुस्ती करा!"

"तीन महिने. आणि पंधरा वर्षांच्या करपावत्या आणा. भाडेकरू होता का, तेही तपासू."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अण्णा प्रथमच माझ्यापेक्षा घाबरलेले दिसले.

"उद्याचं रद्द करू," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी बघता येईल."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या आता पिस्तुलासारख्या वाजू लागल्या.

"तीन महिन्यांनी?" मनस्विनी म्हणाली. "अण्णा, पंगतीत काय म्हणालात? पुन्हा विषय नाही म्हणालात ना? दुरुस्ती हवी असेल तर पावत्या काढा. मी स्वतः घेऊन जाते कार्यालयात."

अण्णांनी हिरव्या फायलीकडे पाहिलं आणि ती उशीखाली सरकवली.

शुक्रवार, साडेअकरा. नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या दस्तलेखकाने ई-खाता वाचला आणि चष्म्यावरून अण्णांकडे पाहिलं.

"काय द्यायचंय म्हणालात?"

"वरचा मजला."

"सर, हा रिकामा प्लॉट आहे. त्याच्या वर आभाळ असतं. आभाळाचं दानपत्र होत नाही."

"मग?"

"द्यायचा तर सगळा प्लॉट द्या, त्यावर जे काही असेल त्यासह. नाहीतर आधी दुरुस्ती करून या. पावत्या आहेत ना पंधरा वर्षांच्या?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला कन्नडात काय म्हणतात माहीत नाही, मराठीत छापता येत नाही. मग ते सासूबाईंकडे वळले. त्या लग्नातला शालू नेसून आल्या होत्या. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात.

"लिहा सगळं," अण्णा म्हणाले. हळू म्हणाले, पण लिहा म्हणाले!

अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी दस्त उघडला, आपलं नाव एकदा वाचलं, बोट फिरवून दुसऱ्यांदा वाचलं. मग पदराने डोळे टिपले.

"आता उपाहार करू," त्या म्हणाल्या. "मी देते पैसे. जागेची मालकीण आहे."

"आणि मी कोण?" अण्णा.

"तुम्ही माझ्या प्लॉटवरचं बांधकाम. विनापरवाना. नीट राहिलात तर नियमित करून घेईन."

मी लाजेने अर्धा झालो होतो. हॉटेलात सासूबाईंना म्हणालो, "अक्का, माफ करा. माझ्या कन्नडमुळे सगळा घोळ झाला."

"चालतं हो," त्यांनी माझ्या ताटलीत स्वतःचा वडा ठेवला. "असंच बोलत जा. सुधारू नका."

हे मला नंतर कळलं: निरीक्षकाचा चष्मा त्या सोमवारी कार्यालयातच राहिला होता. टॅबवर 'खाली मने' म्हणजे रिकामं घर आणि 'खाली निवेशन' म्हणजे रिकामा प्लॉट, असे दोन पर्याय होते, आणि त्यातला कुठला कुठे आहे हे मी आत झेरॉक्स शोधत असताना त्याला सासूबाईंनी वाचून दाखवलं होतं.