महाजाल आणि लिंडाबाईची मिटिंग

आमचा हेमराज बोलत नाही. मुका नाही. जीभ जागेवर आहे, इंजिनेर आहे, पाच वर्षं झाली कॅनडात नोकरी करतो. पण चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे चिखलातून हातानं मरळ काढण्यासारखं आहे. लागला लागला म्हणेपर्यंत निसटतो. मला वाटलं होतं, परक्या मुलुखात तरी याचं तोंड उघडलं असेल. डिसेंबरात महिनाभरासाठी सानगडीला आला तेव्हा कळलं, तिथल्या बर्फानं ते आणखीच गोठून गेलं आहे.

तिकडचं ऑफिस सुटायला येतं तेव्हा इकडे आमच्याकडे उजाडतं. म्हणून हा रोज पहाटे पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर सहा-सात तोंडं, आणि त्यातला एक भुऱ्या दाढीचा हातवारे करकरून बोलतो आहे. आमचा पठ्ठ्या नुसती मान हलवतो. "येस." मग पुन्हा "येस." आणि मधेच, कोणी काही विचारलेलं नसताना, "सॉरी."

माझी मुलगी ज्योत्सना साकोलीला शाळेत इंग्रजी शिकवते. तिला मी दाराआड ओढलं.

"हा दाढीवाला येवढं काय सांगून राहिला व?"

"ब्रायन हाये तो, माय. गोदामातला माल कोणत्या वाटेनं लवकर निघन, ते सांगणारं एक काम दादानं कम्प्युटरवर बनवलं. त्याचंच सांगून राहिला."

"बनवलं कोणं?"

"दादानं."

"आन सांगून कोण राहिला?"

"ब्रायन."

मी आत जाऊन त्याच्यापुढे कप असा आदळला की पडद्यावरची सगळी तोंडं एकदम माझ्याकडे वळली. हेमराज म्हणाला, "सॉरी."

नंतर त्याला जेवायला बसवून मी सगळं काढून घेतलं. गोष्ट साधी नव्हती. त्याच्या कामाच्या टोळीला एक मुख्य नेमायचा होता. हेमराज किंवा ब्रायन. साहेबीण लिंडाबाई गुरुवारी मिटिंग घेणार, दोघांना बोलायला लावणार आणि तिथंच ठरवणार. मुख्य झाला तर कंपनी त्याला तिथं कायम राहायचं पत्र देणार. नाही झाला तर मार्चमध्ये त्याचा परवाना संपतो, की बोचकं बांधून घरी.

आता पोरगा घरी आला तर आईला वाईट वाटायचं काय कारण? डोळ्यांसमोर राहील. पण हरून यायचं नाही. माझ्या घरात कोणी हरून परत आलेलं मला चालत नाही.

"लिंडाबाईले दिसते ना माय, कोण काम करते ते," हेमराज भाताकडे पाहत म्हणाला.

"दिसते म्हणे. ताजी मासोळी झाकून ठेवली तर तिचा वास नाई येत. वास सुकटाचाच येते. गिऱ्हाईक तिकडंच जाते."

"मले नाई जमत बोलाले."

"जमन. बाजाराच्या दिवशी टोपल्याजवळ तू बसशीन."

तो बसला, हे खरं. कॅनडाचं निळं जाकीट घालून माझ्या टोपल्यामागे असा बसला जणू मासे चोरीचे आहेत. पहिलं गिऱ्हाईक आमची शेजारीण बेबीबाई. ही बाई यमराज न्यायला आला तर त्याच्याशीही घासाघीस करेल.

"कसा देल्ला गा रोहू?"

"तसा... दोनशे किलो म्हणतो मी," हेमराज म्हणाला. "पण तुम्हाले जास्त वाटत असन तर... म्हणजे ताजाच हाये, तसा रात्रीचा हाये, पण..."

"रात्रीचा? म्हणजे शिळाच म्हण ना."

"नाई, शिळा म्हणजे..."

बेबीबाईनं रोहू एकशे वीसनं नेला, वर मूठभर झिंगे पिशवीत टाकले, आणि त्यालाच विचारलं, लग्न कधी करतोस. तो तिला "सॉरी" म्हणाला. मी पाहत होते.

मग मी त्याला उभं केलं. "आवाज गळ्यातून नोको काढू. पोटातून काढ. बाजाराच्या शेवटल्या माणसाच्या कानात गेला पाह्यजे. आन मान वर."

दुपारपर्यंत पोरानं गळ्याच्या शिरा फुगवून "मरळ, जित्ती मरळ" अशी हाळी दिली की बांगड्यावाल्याच्या दावणीची शेळी उसळली. दोन किलो मरळ पुऱ्या भावात गेली. मी खुशीत होते. घरी येताना तो हळूच म्हणाला, "माय, लहानपणी मी बोललो म्हणून तूच मारलं होतं मले. तलावाच्या पाळीवर. पाच बोटं उठली होती."

"ते पाण्यावरचं झालं. पाण्यावर बोलाचं नसते. बाजाराची गोष्ट येगळी."

हे मात्र सांगायला हवं. आमच्या तलावात मच्छीमार सोसायटीचं महाजाल पडतं तेव्हा तीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, आणि जाळ्याचं तोंड बंद होईपर्यंत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कोणी ब्र काढत नाही. हातानं खुणा चालतात. आवाजानं मासे खरंच उडतात की नाही ते मासेच जाणोत, पण नियम म्हणजे नियम. जो बोलला त्यानं सोसायटीपुढे स्वतः उभं राहून कबूल करायचं, आणि होळीपर्यंत पाळीवर पाय ठेवायचा नाही. मागच्या वर्षी जाळं ओढणारा आमचा खुशाल नुसता शिंकला. शिंक देवाघरची, असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, देवाघरची असो की कोणाची, नाक खुशालचं होतं. लावला नियम. तीस वर्षं पाळीवर वजनाच्या काट्याशी मी बसते, माझ्यासमोर ढिलाई चालत नाही.

गुरुवारी पहाटे मिटिंग सहाला. महाजालही त्याच पहाटे. पण हेमराजचे बाबा, म्हणजे आमचे डोमाजी, म्हणाले होते की साडेपाचला जाळं बंद होईल. शिवाय मिटिंग घरात होती, जाळं तलावात. दोघांचा संबंध नव्हता.

पावणेसहाला हेमराज सदरा घालून, केस विंचरून लॅपटॉपसमोर बसला. "पोटातून," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. आणि लाइट गेली. लाइटीबरोबर भिंतीवरचा नेटचा डबा गेला. मोबाइलवर पाहिलं तर नेटवर्कची एक काडी, तीही येत-जात.

"अंगणात चाल."

अंगणात तीच काडी. बेबीबाईच्या छपरीत तीही नाही.

"साकोली?" ज्योत्सना म्हणाली.

"पोहचू तवरिक ब्रायन मुख्य होऊन जेवून झोपला असन," हेमराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थट्टा केली, तेही असल्या वेळी.

गावात पुऱ्या काड्या फक्त एका जागी येतात. तलावाच्या पाळीवर, सोसायटीच्या खोलीमागे. सहाला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, जाळं बंद झालंच असेल. धावा.

पोचलो तर पाळीवर धुकं असं की पाण्यातली माणसं नुसत्या सावल्या वाटाव्यात. त्या धुक्यापायीच जाळं उशिरा पडलं होतं. तीस माणसं अजून पाण्यात. अर्धगोल वळत होता, तोंड उघडं होतं, आणि सगळीकडे नुसता पाण्याचा चुळुक चुळुक आवाज. आठला मासे न्यायला बर्फाची गाडी येणार, जाळं थांबणार नाही. सहाला लिंडाबाई येणार, तीही थांबणार नाही.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. मी खोलीच्या मागचा कोपरा दाखवला. तिथं बस, भिंत आडवी आहे. तो उकिडवा बसला, मोबाइलच्या बोंडांतलं एक कानात घातलं, मोबाइल गुडघ्यावर टेकवला. तोंडं उगवली. ज्योत्सनानं त्याच्यामागे बसून दुसरं बोंड आपल्या कानात घातलं. मी दोघांच्या मधोमध, एक डोळा मोबाइलवर आणि एक पाण्यावर.

आधी ब्रायन बोलला. काय बोलला देव जाणे, पण खूप बोलला. हसला, हात फिरवले, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मग लिंडाबाई बोलली. पांढऱ्या केसांची, चष्मा नाकावर. तिनं काहीतरी विचारलं, आणि तिच्या ओठांवर हेमराजचं नाव मला ओळखता आलं. ज्योत्सनाची बोटं माझ्या दंडात रुतली.

हेमराजनं मान वर केली, पोटात हवा भरली आणि इंग्रजीत चार शब्द असे काढले की भिंत काय, आडवं धुकंही फाटलं. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. आणि तिकडून, डोंग्यात, लहानशा होडीत, उभ्या असलेल्या डोमाजींचा पंजा भिंतीच्या कडेनं वर आलेला दिसला. चूप.

झालं. पोरगा जिथल्या तिथं थिजला. तीस वर्षांचा इंजिनेर, पण बापाचा पंजा दिसला की अंग सात वर्षांचं होतं. तोंड मिटलं ते मिटलंच. नजर समोर, मान वर, पापणी हलेना.

लिंडाबाई वाट पाहते आहे. ब्रायन वाट पाहतो आहे. मी माझे श्वास मोजायला लागले. पाच. आठ. पाण्यात माणसं पावलापावलानं जवळ येताहेत, जाळ्याचं तोंड अजून दहा हात उघडं. बारा. हेमराज गप्प. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. गप्प. ज्योत्सनाकडे पाहिलं तर तिचा हात तोंडावर, डोळे मोठे. मला वाटलं, बुडालं. पाच वर्षं, परवाना, पत्र, सगळं बुडालं. पंधरा. आता ब्रायनच बोलायला लागला. थांबत थांबत, मान खाली घालून. म्हटलं, पाहा, हा चोर माझ्या लेकाच्या तोंडचा घासही खाऊन चालला आणि माझा लेक दगडासारखा बसला आहे. वीस. लिंडाबाई काहीतरी म्हणाली आणि हेमराजनं तरीही तोंड उघडलं नाही.

मग मला राहवलं नाही.

"बोल ना रे हेमराज, तोंडात का माती भरली काय!"

माझा आवाज सानगडीत कोणाला सांगायला नको. पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. जाळ्याची कड धरून उभा असलेला सूरज दचकला, त्याच्या हातची दोरी सुटली, आणि जाळ्याची वरची कड भसकन पाण्याखाली बसली. मग धुक्यात नुसता फडफडाट. रोहू, कटला, काय काय उड्या मारून मोकळं झालं ते दिसलं नाही, ऐकू तेवढं आलं. बराच वेळ ऐकू आलं.

हेमराज मोबाइलशी शांतपणे दोन शब्द बोलला आणि त्यानं तो बंद केला.

"गेलं?" मी विचारलं.

"मिळालं, माय."

"काय मिळालं?"

ज्योत्सनानं सांगितलं. लिंडाबाईनं विचारलं होतं, हे काम कोणी केलं. हेमराज म्हणाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत मी. आणि पुढे गप्प, नुसता पाहत. ते पाहणं ब्रायनला सोसलं नाही. तो आपणहून म्हणाला, हो, तसं हेमराजनंच केलं, मी फक्त सांगायला मदत करतो. मग म्हणाला, सांगायलाही त्यानंच लिहून दिलं होतं.

"मंग लिंडाबाई काय म्हणे?"

"अभिनंदन म्हणे," हेमराज म्हणाला. "तुह्या आधीच म्हणे. तू ओरडली तवा ती दुसऱ्यांदा म्हणून राहिली होती."

मी खोलीच्या भिंतीला टेकले. तेवढ्यात पाण्यातून सपसप पावलं आली. सोसायटीचे अध्यक्ष परसराम पाळीवर चढले. धोतर निथळत होतं, ओठ थंडीनं काळे पडले होते. त्यांच्यामागे एकेक करून तीसही माणसं येऊन उभी राहिली. खुशाल सगळ्यांत पुढे. डोमाजी सगळ्यांत मागे, पाण्याकडे तोंड करून, जसं काही त्यांचं माझ्याशी लग्नच झालेलं नाही.

"कोण ओरडलं?" परसरामांनी विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. पण विचारायची रीत आहे, आणि ज्याचं त्यानं उभं राहायची.

मी गुडघ्यावर हात ठेवला. होळीपर्यंत पाळ बंद. काट्याशी कोण बसणार, बेबीबाई? मला जरा वेळ लागला. तीस वर्षांत असं कधी उठावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून हेमराज उठला. जाकिटाची चेन लावली, मान वर केली.

"मी ओरडलो, काका," तो म्हणाला. पोटातून. शेवटल्या माणसाच्या कानात जाईल असा. "चूक माही हाये. होळीपर्यंत पाळ मले बंद करा."

कोणी हसलं नाही. तीस माणसं त्याच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. परसराम डोकं खाजवायला लागले. त्यांना सुटायला वाट मिळाली होती, एक मान हलवली असती की झालं असतं. जानेवारीत हा तसाही कॅनडात जाणार.

मी उठले. पदर कमरेला खोचला आणि लेकाचा दंड धरून त्याला बाजूला सारलं.

"बस खाली, हेमराज. बोलला झकास. पण ओरडली मी, आन सांगून तू राहिला. हे त्या दाढीवाल्याच्या घरी चालत असन. माह्या घरी ज्यानं केलं त्यानंच सांगाचं."