आधी थंड होऊ दे

आमच्या डहाणूच्या गल्लीत सकाळ व्हायची ती सावेकाकांच्या बॉनेटच्या आवाजाने. दूधवाला नंतर, पेपर नंतर, देवपूजा तर फारच नंतर. लुंगी-बनियनवर काका बाहेर यायचे, आंब्याखाली उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडायचे आणि रेल्वेच्या एका विटक्या हिरव्या झेंड्याने रेडिएटरचं झाकण धरून, हळूच फिरवून, आत बॅटरी मारायचे. डॉक्टर जीभ बघतात तसं. मग शेजारच्या पांढऱ्या बाटलीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, दोन रेघांच्या मधे आहे ना ते बघायचं, हुं करायचं आणि बॉनेट धाडकन बंद. गाडी आठवडाभर जागची हललेली नसायची. तरी हे झाल्याशिवाय काकांच्या तोंडात ब्रश जात नसे.

काका रेल्वेत गार्ड होते. जन्मभर गाडीच्या शेपटाशी उभं राहून झेंडा दाखवला, म्हणून आता इंजिनाजवळ जायची हौस भागवून घेतात, असं काकूंचं म्हणणं. झेंड्याबद्दल मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रिटायर होताना मागून घेतला. फाटका होता." विषय संपला.

दोन हजार सोळाच्या सुमाराला मी त्यांच्या शेजारी राहायला आलो आणि पाठोपाठ एक सेकंडहॅन्ड गाडी घेतली. त्या दिवसापासून मी काकांचा शिष्य झालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

"यात काय घालतोस?" त्यांनी माझ्या रेडिएटरकडे बोट दाखवलं.

"पाणी."

"कुठलं?"

"नळाचं."

काका कठड्यावर बसले. एखाद्याच्या घरची वाईट बातमी कळल्यावर बसतात तसे. "दीपक, तुझ्या बाथरूमच्या बादलीला पांढरी पुटं चढलीत, ती बघितलीस? तेच इंजिनाच्या पोटात चढतं. रस्त्यात बंद पडशील, आणि मग मला फोन करशील." मी फोन करणार नव्हतो, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

मग मी झाकण उघडायला हात घातला. गाडी नुकतीच बाहेरून आणली होती. काकांनी माझं मनगट धरलं आणि त्यांचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "आधी थंड होऊ दे."

पुढे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणू लागलो. गरम रेडिएटर उघडला की वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर येतं, हे खरंच आहे. पण काकांनी तो नियम सगळ्या सृष्टीला लावला होता. चहा समोर आला की आधी थंड होऊ दे. साय धरून ती कपाला चिकटल्यावरच ते तो प्यायचे. गल्लीत गटारावरून भांडण पेटलं, आधी थंड होऊ दे. बाजारात नवा मोबाइल आला, आधी थंड होऊ दे. काकू सांगायच्या, "मला बघून गेल्यावर हो म्हणायला ह्यांनी सहा महिने लावले. माझ्या वडिलांना वाटलं, स्थळ मेलं."

वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी, कूलंट बदलायचा सोहळा असे. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर यायचं. तिथला गुजराती शेठ दर वर्षी म्हणायचा, "काका, पाणी एटले पाणी. तमे पण शुं!" आणि काका दर वर्षी त्याला क्षारांवर व्याख्यान द्यायचे. गाडी थंडगार असताना खालचा पाइप सोडून जुनं कूलंट घमेल्यात काढायचं. त्या घमेल्याजवळ काका स्वतः काठी घेऊन बसत. ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, म्हणून. गल्लीतल्या कुत्र्यांना ते एरवी शिव्या देत, पण त्या दिवशी एकेकाला नावाने हाक मारून हाकलत. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुवायचं, निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी भरायचं, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करायचं. आतली हवा बुडबुडे होऊन वर यायची. "ढेकर देऊ दे तिला," काका म्हणायचे. "घाईने जेवलं की ढेकर अडकतो."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न रेडिएटरवरून मोडावं, यात नवल नाही. म्हणजे लग्न झालं. मोडलं ते बापलेकीतलं बोलणं.

हे मला काकूंनी सांगितलं. वैशाली, त्यांची एकुलती एक. तलासरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिथल्याच नितीन नावाच्या शिक्षकाशी तिचं जमलं. काकांनी नाही म्हटलं नाही. मुलाला बोलावून घेतलं आणि गाडीतून महालक्ष्मीच्या दर्शनाला नेलं. चारोटीच्या जरा अलीकडे गाडी खरोखरच गरम झाली. काका उतरले, आधी थंड होऊ दे म्हणाले आणि झाडामागे लघवीला गेले. भावी सासऱ्यावर छाप पाडायची ती हीच वेळ, असं नितीनला वाटलं. त्याने रुमालाने झाकण उघडलं, वाफेचा लोट अंगावर घेतला आणि शेताच्या पंपावरून आणलेली गार पाण्याची कळशी धगधगत्या इंजिनात उपडी केली. आतून टण्ण असा आवाज आला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी भाग, तडकलं. काका, भावी जावई आणि गाडी, तिघेही चिकूच्या टेम्पोला दोर बांधून डहाणूला परतले. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

"गरम इंजिनात गार पाणी ओततो, तो संसार काय करणार?" काका म्हणाले. वैशाली म्हणाली, "तुम्ही इंजिनाकडे बघा, मी माझं बघते." तिने नोंदणी कार्यालयात लग्न केलं. काकू लग्नाला गेल्या. काका आंब्याखाली गाडीजवळ बसून राहिले. आधी थंड होऊ दे, म्हणाले. थंड होता होता दोन-तीन वर्षं गेली, आणि आता ते इतकं गार झालं होतं की कुणी हात लावायचा, हेच कळेना.

एका रविवारी काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू जा रे जरा ह्यांच्याबरोबर. हल्ली गाडीला फेरी मारून आणतो म्हणतात आणि तलासरीला नेतात. आणि ती नेमकी तिथेच गरम होते."

मी गेलो. हायवेला गाडी तुपासारखी चालली होती. तापमानाचा काटा मध्यावर, जिथे असावा तिथे. तलासरीचा नाका ओलांडून काका आत वळले आणि निळ्या फाटकाच्या एका बैठ्या घरासमोर त्यांनी गाडी उभी केली.

"गरम झाली," ते म्हणाले.

"काका, काटा मध्यावर आहे."

"जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नये."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्याच्या आडोशाला उभे राहिले. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून त्यांना घर दिसत होतं, घराला मात्र त्यांची फक्त चप्पल दिसत असावी. अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने गाडीकडे पाहिलं. मग एकच टॉवेल ती पुन्हा पुन्हा झटकत राहिली. बाहेर कुणी आलं नाही, आत कुणी गेलं नाही. अर्ध्या तासाने काका म्हणाले, "झाली थंड. चल."

चारोटीपर्यंत ते अधूनमधून काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बारीक झालीय." ते गाडीबद्दल बोलत नव्हते, एवढं मलाही कळलं. मला त्यांचा राग आला आणि कणवही आली. दुसऱ्याच्या गाडीचं झाकण न विचारता उघडणारा हा माणूस, स्वतःच्या लेकीचं फाटक त्याला उघडता येईना.

असे बरेच रविवार गेले. मी काकांना एकदोनदा म्हटलंही, "आत जाऊ या ना." उत्तर तुम्हाला माहीत आहे.

मग एका रविवारी बॉनेट वर गेलं आणि निळं फाटक करकरलं. नितीन बाहेर आला. एका हातात कूलंटचा डबा, दुसऱ्या हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. काकांची जी तारांबळ उडाली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. काहीतरी काम चाललंय असं दाखवायला ते एकदम रेडिएटरवर वाकले आणि झाकणाला हात घातला. नुसता हात. झेंडा खिशातच राहिला होता, आणि गाडी डहाणूहून न थांबता आली होती.

डबा खाली टाकून नितीनने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, आधी थंड होऊ द्या."

काका थांबले. जावयाने त्यांना बाबा म्हटलं होतं, ते पहिल्यांदाच. पण ते बघत होते त्याच्या हाताकडे. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आणि फिकी होती.

"हे तेव्हाचं?" काकांनी विचारलं.

"थोडंसंच भाजलं होतं."

"टेम्पोत बोलला नाहीस."

"तुम्ही इंजिनाच्या काळजीत होतात."

 रस्त्यावर पडलेला डबा काकांनी उचलला, झेंड्याने पुसला, लेबल वाचलं. "हिरवं. आपलंच आहे," ते पुटपुटले. मग फाटकात उभ्या असलेल्या वैशालीकडे बघून म्हणाले, "कधी आणलंस?"

"तुम्ही पहिल्यांदा गाडी उभी केलीत ना, त्याच आठवड्यात," ती म्हणाली. "म्हटलं, कधीतरी मागायला याल. वाट बघून शेवटी ह्यालाच पाठवलं."

काका फाटकाशी घुटमळले. चप्पल अंगणातच काढावी की दारात, यावर त्यांचा जरा वेळ गेला. वैशालीने त्यांच्या हातातला डबा घेतला आणि त्यांना आत नेलं, डोळ्याला पदर लावायचीही तिला फुरसत नव्हती.

चहा आला. नुसता वाफाळता, आल्याचा. मी सवयीने काकांच्या कपावर साय धरायची वाट बघू लागलो. काकांनी कप उचलला आणि तसाच प्यायला. जीभ नक्कीच भाजली असणार, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भाजल्यामुळेच आलं असं आम्ही सगळे धरून चाललो.

"अजून आहे का?" त्यांनी कप पुढे केला.

बाहेर गाडीचं बॉनेट उघडंच होतं. ते बंद करायची कुणालाच आठवण झाली नाही.