बेचाळिसावी वस्तू

१९६१ सालच्या दसऱ्याला, सकाळी आठ वाजता, मल्हारगंजातल्या गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत पुढील वस्तू होत्या : बिछाने चार, उशा चार, कंदील दोन, स्टोव्ह एक, पाण्याचे डबे तीन, भांडी एकोणीस, शेवेच्या पुड्या पाच, छत्री एक, जयसिंगरावांचं भिंग एक आणि तळ्याकाठी मुक्काम करायचा सरकारी परवाना एक. चारुलतेनं दोनदा मोजलं. एकेचाळीस. यादीत बेचाळीस होत्या.

नव्हतं ते गाडी सुरू करायचं लोखंडी हॅंडल.

"अस्सं!" जयसिंगरावांनी भिंग उचललं. "चारू, तुझं नशीब थोर. हा छडा लावू शकणारा मध्य भारतातला एकमेव माणूस तुझा सख्खा काका आहे. मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, पण नजर तीच राहिली. रियासतीच्या पागेतली हरवलेली घोडी कुणी शोधली होती?"

"तुम्ही," चारुलता म्हणाली. ती घोडी आपणहून दाणा खायला परत आली होती आणि तेव्हा काका दाणा-वैरणीचे कारकून होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चारुलता याच वर्षी बी.एस्सी. झाली होती, आणि प्रयोग संपण्याआधी निष्कर्ष सांगू नये हे तिला शिकवलेलं होतं.

गाडी म्हणजे महूच्या लिलावात घेतलेली लष्कराची जुनी ॲम्ब्युलन्स. बाबूराव मिस्त्रींनी तिच्यात चार माणसांच्या झोपायची सोय केली होती. दसऱ्याला पूर्वज घोड्यावरून सीमोल्लंघन करत, तर आपण बिछान्यासकट करू, ही काकांची कल्पना. देपालपूरच्या रस्त्याला यशवंत सागरावर एक रात्र राहायचं. परवाना त्याच एका रात्रीचा होता, आणि तळ्याचं फाटक सहाला बंद होत असे.

काकांसाठी ही मोहीम होती. भानुमतीकाकूंसाठी वेगळीच गोष्ट होती. बावीस वर्षं त्या रोज पहाटे साडेचारला उठत होत्या, नळ यायच्या आधी. आठ दिवसांपासून त्या चारुलतेला एकच विचारत होत्या, "तिथं नळ नाही ना गं? नक्की?"

"काकूला विचारू का?" चारुलता म्हणाली.

"खबरदार! तपासाची बातमी स्वयंपाकघरात गेली की पुऱ्या करपतात. गुप्तता!"

पहिला संशयित शेजारचे दत्तोपंत. ते ओट्यावर पोहे खात बसले होते. काकांनी भिंगातून त्यांचं धोतर पाहिलं.

"गंज! लालसर डाग. दत्तोपंत, लोखंड कुठं दडवलंत?"

"अरे भिया, पान खाल्लं काल! कत्था आहे तो. सवेरे-सवेरे धोतर काय बघताय माझं?"

"कत्थ्याची सबब तयार ठेवली होती, म्हणजे गुन्हा पूर्वनियोजित," काकांनी चारुलतेला नोंद करायला लावली. दत्तोपंतांनी घरात जाऊन दुसरं धोतर नेसलं. काकांच्या मते तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होता.

दुसरा सिद्धांत गल्लीतल्या सांडाचा निघाला. सांडानं हॅंडल गिळलं असावं, कारण तो सकाळपासून हलला नव्हता. काकांनी दहा मिनिटं त्याच्या पोटाला कान लावला. मग सांड हलला. काका त्याहून वेगानं हलले.

दहा वाजता बाबूराव आले. ते गाडी चालवणार होते.

"साहेब, काल दुपारी तुम्हीच मागितलं ना? घासून, तेल लावून, चमकवून तुमच्या हातात दिलंय मी."

"माझ्या हातात?"

"हाव. दोन्ही हातांनी घेतलंत. नमस्कारपण केलात."

"साक्षीदार भांबावला आहे," काका कुजबुजले. "हॅंडलला कोण नमस्कार करतं? लिहून घे, चारू, साक्ष बाद."

चारुलतेनं साक्ष लिहिली. 'बाद' लिहिलं नाही.

"धक्का मारून नाही सुरू होणार?" तिनं विचारलं.

"या गल्लीत धक्का मारायला जागा कुठाय, बाई? आणि उद्या तळ्यावर कोण मारेल? मासोळ्या?"

दोन वाजेपर्यंत सहा सिद्धांत झाले. सहाव्यात परदेशी शक्तींचा हात होता. तेवढ्यात भानुमतीकाकू पुऱ्यांचा डबा घेऊन दारात आल्या. नवं लुगडं, केसांत शेवंती.

"निघायचं ना? की नाहीच जायचं?" त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

चारुलतेनं गुप्तता मोडली. "काकू, गाडीचं हॅंडल सापडत नाहीये."

"हॅंडल? अगं, ते पूजेत बसलंय की!"

सगळे आत धावले. काल खंडेनवमी होती. देवघरासमोरच्या पाटावर पूर्वजांच्या दोन तलवारी, एक कट्यार, अडकित्ता, विळी, आणि मधोमध, झेंडूच्या ढिगाखाली, हळदकुंकू लावलेलं हॅंडल.

"तुम्हीच नाही का मांडलंत?" काकू म्हणाल्या. "'यंदाचं नवं शस्त्र' म्हणालात. आज सकाळीसुद्धा फूल वाहिलंत त्याला."

काकांनी भिंग खिशात घातलं. "चोराला कधीच सापडलं नसतं," ते म्हणाले. "याला म्हणतात बंदोबस्त."

बाबूराव हॅंडल उचलायला वाकले.

"थांबा!" काका ओरडले. "उत्तरपूजेशिवाय शस्त्र हलवायचं नाही. मुहूर्त संध्याकाळी पावणेसातचा आहे."

"साहेब, फाटक सहाला बंद होतं."

"परंपरा म्हणजे परंपरा. पुढच्या वर्षी जाऊ."

काकूंनी पुऱ्यांचा डबा खाली ठेवला. तबकातून चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर टाकल्या आणि हात जोडले.

"झाली उत्तरपूजा. बावीस वर्षं तुमचे मुहूर्त सांभाळले, आज एक माझा. उचला, बाबूरावजी."

बाबूरावांनी उचललं. अकराव्या फेरीला गाडी सुरू झाली. त्यांच्या पंज्यावर कुंकू आणि गल्लीभर झेंडूच्या पाकळ्या. साडेपाचला ते फाटकातून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी चारुलतेनं घड्याळ पाहून वहीत नोंद केली : भानुमतीकाकू झोपल्या रात्री नऊ दहाला, उठल्या सकाळी सात पंचवीसला. एकूण दहा तास पंधरा मिनिटं.