पोर्ट शून्य कोणाचा?

"आजपासून आपल्या कारखान्यात कागद मेला!" मॅनेजर कमलाकांत साहेबांनी जाहीर केलं, आणि ही घोषणा कार्बन घालून पाच प्रतींत टाइप करायला पाठवली.

बोईसरच्या एमआयडीसीतला हा रंगाचा कारखाना. साल एक्क्याण्णव. मुंबईचे डायरेक्टर दुपारी नवा कॉम्प्युटर बघायला येणार होते आणि तो दाखवायचा होता दामूनं. दामू टेंपररी. प्रयोग जमला तर कायम. आणि कायम झाला तरच सालवडची हंसा त्याला मिळेल, असं तिच्या बापानं दोनदा बजावलं होतं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

काम तसं सोपं. टर्मिनल सर्व्हर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिच्यातून तीन तारा निघायच्या आणि साहेबांची केबिन, गोदाम, कँटीन इथल्या पडद्यांना जाऊन मिळायच्या. कीबोर्डवर हुकूम टाइप करायचे, दर तारेला एकेक पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, तयार करायचा, त्याचा वेग ठरवायचा, झालं. दामूनं केलं. पडदे उजळले. पाठोपाठ केबिनीतून हाक आली.

"दामू! माझ्या पडद्यावर 'पोर्ट शून्य' कसं?"

"साहेब, ही पेटी शून्यापासून मोजते. पहिला म्हणजेच शून्य."

"वीस वर्षं घासून मी शून्य? एक कर मला!"

दामूनं पोर्ट पुसले, पुन्हा तयार केले. साहेब एक, गोदाम शून्य. गोदामाचा शिवाजी युनियनचा सेक्रेटरीही होता. तो बाह्या सावरत आला.

"कामगारांना शून्य लावता काय? शिफ्टची बस गेटातच अडवू आमी!"

दामूनं पुन्हा पुसलं. शून्य कँटीनला गेलं. कँटीनची मैनाबाई दांड्याची, कोळीवाड्यातली. ती डाव हातात घेऊनच उगवली.

"माज्या चुलीला शून्य? मंग आज तुमच्या ताटातपन शून्य!"

संपापेक्षा उपास जवळ होता. घामाघूम दामूला एवढ्यात सुचलं, की पोर्टला नावही देता येतं. त्यानं तिघांनाही एकच नाव दिलं: 'चीफ'. तिघेही खूश होऊन गेले. पेटीचं मात्र वेगळं होतं. चीफला पाठवलेलं ती जो चीफ मोकळा सापडेल त्याला देऊ लागली.

डायरेक्टर आले. साहेबांनी ऐटीत गोदामातून उत्पादनाचा अहवाल मागवला. पडद्यावर मैनाबाईनं गोदामासाठी सातवीच्या इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला मजकूर उमटला: 'सुके बोंबील भरपूर. भात कमी. साहेबाला वाढायचा नाय.'

दामूला हंसाचा बाप दिसू लागला. तेवढ्यात मैनाबाई दारात.

"ओ दामू, तुमचं रंगाचं कायतरी माज्या पडद्यावर आलंय. निळी भट्टी आठवडाभर बंद हाय म्हनं."

"बंद?" डायरेक्टर मॅनेजरकडे वळले. "तुम्ही तर फोनवर सांगत होता, रात्रंदिवस चालू आहे."

कमलाकांत साहेब टाय सैल करू लागले.

"या मुलाला आजच कायम करा," डायरेक्टर म्हणाले. "इथलं खरं मला पहिल्यांदाच कळतंय."

दामूचे डोळे भरून आले. शिवाजीनं दारातून टाळी वाजवली. डायरेक्टर पुन्हा पडद्याकडे वाकले, तो मजकूर त्यांनी सावकाश दुसऱ्यांदा वाचला आणि आवाज खाली आणून विचारलं,

"बाई, त्या साहेबांत मीपण धरलोय का? नसेन, तर थोडा भात मिळेल?"