नानांच्या डोक्यातली सोसायटी

लिंबाजीनानांना चहा विचारला की ते डोळे मिटतात. हो म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. मांडीवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा पेंगला. मग ते डोळे उघडतात आणि म्हणतात, "मंजूर." कधी म्हणतात, "बहुमत न्हाई." एकदा माझी आई भरलेला कप हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. तेव्हा नाना डोळे न उघडताच म्हणाले, "थांबा वैनी, सभा चालू हाय. गोडवाला आन् शुगरवाला भांडायलेत."

नानांचं म्हणणं असं, की माणसाच्या डोक्यात कुणी एक शहाणा बसलेला नसतो. तिथं सोसायटी असते, गावात दूध सोसायटी असते तशीच. सभासद पुष्कळ आणि सगळे येडे. एकाला फक्त गोड कळतं. एकाला फक्त डावं-उजवं. एकजण कशालाही "नको" म्हणतो. एकजण दिवसभर "कोन आलं?" एवढंच विचारत असतो. एकेकट्याला पाहिलं तर दारात उभं करण्याच्या लायकीचा नाही.

"पन मिळून बसले की अक्कल हुती," नाना सांगतात. "आन् त्या अकलेला लोक लिंबाजी म्हनतेत. लिंबाजी असा कुनी न्हाईच."

आमचं घर धारूरच्या कडेला, नानांच्या भिंतीला भिंत लागून. मी बीडला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे नाना मला लहानपणापासून "म्याडम" म्हणतात. शाळेत असताना सुट्टीत मी एक तक्ता काढला होता. मेंदूचे रंगीत भाग आणि खाली, मेंदू हा शरीराचा राजा आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. नानांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि तक्ता बराच वेळ पाहिला.

"ह्यात राजा कुठं बसलाय?"

मी सगळ्या चित्रावरून बोट फिरवलं.

"ही तर सगळी वस्ती झाली की. सरपंच दाखव म्हनलं तर तू गाव दाखवायलीस."

मला उत्तर आलं नाही. मला बहुतेक वेळा येत नाही. नानांनी त्याचंही निदान करून ठेवलेलं आहे. "म्याडमच्या सोसायटीत 'गप बस' म्हननारा चेरमन झालाय. लई वर्सं झाली, निवडनूकच न्हाई घेतली."

नाना कधी "मला राग आला" म्हणत नाहीत. "ओरडनाऱ्यानं माईक हिसकावला" म्हणतात. बाजारात मीठ आणायला जाऊन दोरखंड घेऊन आले, तेव्हा मीठवाला गैरहजर होता आणि दोरवाल्यानं सभा पळवली होती. एका निवडणुकीत उमेदवार हात जोडून ओट्यावर आला. नाना म्हणाले, "आमच्यात मतभेद हायेत. दोन मतं देता येतेल का?" उमेदवार मुरलेला होता. म्हणाला, "नाना, मतभेद आत ठेवा. मत एकच द्या, पन मला द्या." त्यानंतर बरेच दिवस नाना त्या माणसाची सभासद म्हणून शिफारस करत होते. कुठल्या सोसायटीत, ते त्यांनी सांगितलं नाही.

कौसाकाकू, म्हणजे नानांची बायको, या सगळ्याला एकाच शब्दात उत्तर द्यायच्या. "जेवा." सभा तिथंच बरखास्त व्हायची.

हे खूळ नानांच्या डोक्यात आलं ते खऱ्या सोसायटीतून. नाना गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. आता तिथं पत्र्याचं शेड आहे आणि शेडमध्ये शेळ्या बसतात. पण एके काळी तिथलं दूध कधी नासत नसे आणि गाडी कधी चुकत नसे. हे कसं जमतं ते पाहायला एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले. त्यांनी विचारलं, "इथलं डोकं कोण?"

चेअरमननी नानांकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "आमी नुसतं लिवतो. मापाडी सांगतो ते." मापाड्यानं फॅट काढणाऱ्याकडे बोट केलं, फॅट काढणाऱ्यानं मशीन दुरुस्त करणाऱ्या हमीदभाईंकडे. हमीदभाई म्हणाले, "अपन को क्या मालूम साब, डायवर हॉरन मारा तो हम हिलते." ड्रायव्हर म्हणाला, चेअरमन हात करतात तेव्हा मी निघतो. साहेब निघाले होते तिथंच परत येऊन पोहोचले. चहा प्यायले आणि गेले.

नाना ही गोष्ट फार आनंदानं सांगतात. बापूची गोष्ट मात्र ते हळू आवाजात सांगतात.

बापू सोसायटीच्या दाराशी स्टुलावर बसायचा आणि दूध घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "कशी हाय?" म्हणजे गाय किंवा म्हैस. उत्तर तो ऐकायचासुद्धा नाही. लगेच पुढच्याला विचारायचा. मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, निम्मी जनावरं विकली गेली, उरलेली चारा छावणीत. सोसायटीच्या मंडळानं काटकसर करायचं ठरवलं. बापूचं काम काय, असा प्रश्न निघाला. कुणालाच सांगता आलं नाही. बापूला काढलं.

त्याच आठवड्यात अख्ख्या गावाचं दूध नासलं. कॅन धुतले, उकळत्या पाण्यानं धुतले, तरी पुन्हा नासलं. शेवटी उलगडा झाला. बापू "कशी हाय?" विचारायचा तेव्हा एखादी बाई म्हणायची, "जरा नरमच हाय, सड सुजलाय." बापूला त्याचं काही नव्हतं. पण मागे उभ्या मापाड्याच्या कानावर ते पडायचं आणि तो तिची किटली बाजूला ठेवायचा. मापाड्यालाही वाटायचं, हे आपण आपल्या अकलेनं करतोय. प्रश्न बंद झाला, तशी उत्तरंही बंद झाली, आणि सुजलेल्या सडाचं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलं.

बापूला परत आणायला नाना स्वतः गेले. तोवर तो ऊसतोडीला निघून गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीच बंद पडली.

"कामाचा कोन हाय ते त्याला काढल्याबिगर कळत न्हाई," नाना म्हणतात. बहुधा हे ते स्वतःलाच सांगत असतात.

मधली पुष्कळ वर्षं गेली. यंदा पुन्हा पाऊस दडी मारून बसला, टँकर सुरू झाले, नानांची एकुलती एक म्हैस छावणीत गेली. आणि त्यातच कौसाकाकूंना लकवा मारला.

दवाखान्यातून आल्या तेव्हा त्या बोलत नव्हत्या. काही महिन्यांत हाता-पायात बऱ्यापैकी ताकद आली, पण कामांची सांगड तुटली होती. पीठ परातीत घेऊन त्या बसून राहायच्या. तांब्या उचलायच्या आणि तो कशासाठी उचलला ते सुटून जायचं. त्यांचा मुलगा संतोष पुण्यात नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला, "मी आईला घेऊन जातो. तिकडं डॉक्टर हायेत, व्यायाम घेणारे हायेत. तुमच्यानं होणार न्हाई, नाना."

"कावून न्हाई होनार?" नाना ओरडले. भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "सभासद सगळे हायेत तिचे. मेलं कुनी न्हाई. फक्त कुनी कुनाशी बोलंना झालंय!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी संतोष म्हणाला, "महिनाअखेर मी येतो. तिनं आपल्या हातानं भाकर करून दाखवली तर ठेवा तिला. न्हाई तर मी नेणार."

दुसऱ्या दिवसापासून नाना चुलीशेजारी बसू लागले. आई मला ताक द्यायला पाठवायची, तेव्हा मी ते पाहत असे. काकू पीठ घ्यायच्या आणि थांबायच्या. नाना विचारायचे, "मंग?" काकू विचार केल्यासारख्या बघायच्या आणि पाणी घालायच्या. "मंग?" मळायला लागायच्या. "मंग?" गोळा व्हायचा. नाना पुढचं काही सांगत नसत. नुसतं विचारत.

"सांगून टाका ना, नाना," मी एकदा म्हणाले.

"सांगितलं तर ते माझ्या डोक्यातून हुईल. तिच्या न्हाई." मग म्हणाले, "बापूची जागा रिकामी हुती. आमी भरली."

पहिल्या भाकरी कुत्र्यानंही नाकारल्या. एक दिवस काकूंनी थापलेली भाकर तव्याऐवजी नानांच्या मांडीवर ठेवली. नाना तशाच अवस्थेत म्हणाले, "मंग?" पण हळूहळू भाकरी गोल होऊ लागल्या. एक फुगलीसुद्धा. नानांनी ती आम्हाला दाखवायला ताटलीत घालून आणली, आणि आईनं तोडायला हात पुढे केला तर मागे घेतली.

काकू मात्र बोलल्या नाहीत. नाना जेवताना मुद्दाम ताट रिकामं ठेवून बसायचे, सभा भरवायचे, ठराव मोठमोठ्यानं वाचायचे. "जेवा" हा एक शब्द काही आला नाही.

संतोष आला त्या संध्याकाळी मी ताक घेऊन गेले होते. परत निघायला हवं होतं, पण दारातच सगळे बसले होते आणि कुणाला "जरा सरका" म्हणणं मला जमलं नाही. मी कणगीशेजारी उभी राहिले.

"नाना, तुमी बोलायचं न्हाई," संतोष म्हणाला. "काहीच न्हाई. तुमचं ते मंग-बिंग चालणार न्हाई."

"न्हाई बोलत."

"खाकरायचं पण न्हाई."

नानांनी उपरण्याचं टोक दातात धरलं.

काकूंनी पीठ घेतलं. पाणी घातलं, मळलं. नानांचे डोळे चमकत होते. गोळा झाला, भाकर थापून झाली. काकूंनी ती परातीतून हातावर अलगद उचलली आणि तिथं त्या थांबल्या. तवा धुरकटायला लागला. काकूंनी नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत राहिले. उपरण्याचं टोक आणखी आत गेलं होतं. भाकरीची एक कड खाली लोंबली.

संतोष सकाळपासून गाडीत होता. मला वाटत नाही त्यानं काही ठरवून केलं. त्यानं कोपऱ्यातली ताटली ओढली, चुलीसमोर मांडी घातली आणि लहान मुलानं म्हणावं तसं म्हणाला, "आये, भूक लागली."

भाकर तव्यावर पडली. काकूंनी वरून पाणी फिरवलं, कड सुटल्यावर उलटली, तवा सरकवून निखाऱ्यांवर शेकली. एकदाही कुणाकडे न बघता. गरम भाकर त्यांनी संतोषच्या ताटलीत घातली, पिठल्याचं पातेलं पुढे ओढलं, पळी हातात घेतली आणि म्हणाल्या,

"वाढू का?"

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते.

संतोष मान खाली घालून जेवत राहिला. काकूंनी दुसरी भाकर थापायला घेतली. मग संतोष म्हणाला, "जिंकलात, नाना. राहू दे तिला इथं."

"ने तिला," नाना म्हणाले.

"आता काय झालं? केली की तिनं भाकर."

"केली. मी इचारलं की तिचे हात हालतेत. तू मागितलं तर ती बोलली." नानांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "तिकडं डॉक्टर हायेत म्हनलास ना? सकाळच्या गाडीनं जावा."

संतोषनं पुष्कळ समजावलं. तुम्हीही चला म्हणाला. नाना म्हणाले, म्हैस छावणीत आहे, तिला कोण बघणार. संतोष म्हणाला, म्हैस विकू. नाना म्हणाले, अशा सालात म्हैस घेतं कोण. असं बराच वेळ चाललं, पण सकाळची गाडी ठरली ती ठरलीच.

"आन् तुमी इथं एकटे राहणार?" संतोषचा आवाज चढला होता.

"एकटा कुठं?" नाना चुलीकडे वळत म्हणाले. "आमी लई जन हाओत."

बोलता बोलता ते तवा उतरवायला वाकले. फडकं शेजारीच पडलं होतं, पण त्याची आठवण देणारा सभासद गैरहजर होता. नुसता हात पुढे गेला. काकूंनी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं आणि तवा निवेपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.