येसरात बाटली

कोणत्या वाईनबरोबर काय खावं, या विषयात आख्ख्या केज तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही! गेल्या महिन्यापर्यंत तरी मी असंच समजत होतो.

त्याचं असं झालं. आमच्या ऋतुजाला धर्मापुरीच्या रविराजचं स्थळ आलं. पोरगा कंपनीच्या कामानं इटलीत राहून आलेला आणि ऋतुजाला मनापासून आवडलेला. पाहुणे यायच्या आधी तिनं मला बजावलं, की बाबा, त्याच्यापुढं गावंढळपणा करू नका. हे मला लागलं. मी लगेच पुण्याच्या भाच्याकडून प्रिमितिव्हो नावाची तांबडी वाईन मागवली. इटली नकाशात बुटासारखी दिसते ना, त्या बुटाच्या टाचेतली ही द्राक्षं. मोबाइलवर व्हिडिओ बघून एवढं कळलं, की ही वाईन अंगानं दांडगी, हिला मिळमिळीत जेवण सोसत नाही. तिखट, आंबट, मसालेदार पाहिजे. म्हणजे आमची येसराची आमटीच की! भाजलेल्या धान्याची, मसाल्याची ती काळपट आमटी इटलीवाल्यांनी अजून चाखली नाही, हे त्यांचं दुर्दैव.

अडचण एकच होती. रविराजचे वडील शहादेवराव पक्के माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि गावोगाव व्यसनमुक्तीवर कीर्तन. म्हणून मी बेत असा केला, की जेवण झाल्यावर ते आडवे होतील तेव्हा आमटीचा डबा आणि बाटली घेऊन पोराला मळ्यातल्या खोलीवर न्यायचं. वाईनला आधी श्वास घेऊ द्यावा लागतो, म्हणून बूच काढून बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवली.

पाहुणे बैठकीत बसले होते. मी स्वयंपाकघरात डोकावून बायकोला, वनमालाला, हळूच म्हणालो, "ती तांबडी बाटली येसराला चालते. ध्यानात ठेव."

"समदी?"

मला वाटलं, मळ्यात सगळी न्यायची का, असं विचारतेय.

"सगळी. पाहुण्यांपुढं हात आखडायचा नाही."

पंगत बसली. शहादेवरावांनी भाकरी कुस्करली, भुरका मारला आणि म्हणाले, "पावनं, असला येसर आमी जिंदगीत खाल्ला न्हाई." त्यांनी वाटी पुढं केली. मग पुन्हा केली. रविराजनं मात्र एक घास घेतला, वाटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मीही घास घेतला. इटलीची टाच, तळवा, आख्खा बूट माझ्या तोंडात होता!

"वैनी, ह्यात घातलंय तरी काय?" शहादेवरावांनी विचारलं.

मी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं वनमालाला गप्प राहायला खुणावत होतो. तिला वाटलं, सांग सांग म्हणतोय. तिनं रिकामी बाटली आणून त्यांच्या ताटासमोर ठेवली.

"ह्यांनी पुण्याहून मागवली. येसराला लई चालती म्हणले. मला वाटलं आंबटपणाला असंल. निम्मी उकळताना घातली, निम्मी खाली उतरल्यावर."

बिचाऱ्या रविराजनं सांगून बघितलं, की आबा, उकळल्यावर त्यातली दारू उडून जाते.

"आन् उतरल्यावर घातलेली?"

ऋतुजा वाढता वाढता भांडं ठेवून आत गेली आणि तिचं मुसमुसणं बाहेर ऐकू यायला लागलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीचं लग्न मी आमटीत बुडवलं होतं. हात जोडून म्हणालो, "माफ करा. तुम्हाला पाजायचा विचारच नव्हता. फक्त तुमच्या पोराला पाजायची होती."

हे बोलल्यावर मला कळलं, की गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

शहादेवरावांनी हात धुतले. आतला आवाज त्यांनाही ऐकू येत होता. मग गळ्याला हात लावून म्हणाले, "तुमच्या बाटलीनं माझी माळ बाटली. मी नवी घालीन. पन एकटा न्हाई घालनार. तुमी घाला, मग पोरीला कुंकू लावतो."

आतलं मुसमुसणं एकदम थांबलं. मी गळा पुढं केला.

साखरपुड्याच्या फोटोत नवऱ्या मुलाच्या गळ्यात फुलांचा हार आहे आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मटणसुद्धा गेलं. त्या दिवशी पंगतीत येसराची आमटीच होती. जावईबापू शेजारी बसले आणि कानाशी येऊन म्हणाले, "मामा, आता येसराला काय चालतं?"

"मठ्ठा," मी म्हणालो.

मागून वाढायला आलेल्या ऋतुजाला वाटलं, मी माझी ओळख करून देतोय.