विरुपाक्षअप्पांचा उंदीर चालला

धान्याचा व्यापारी असून उंदीर मारू देत नाही, असा माणूस आमच्या अख्ख्या मुरुम गावात एकच आहे, आणि माझं नशीब असं की त्याच्या दुकानाला माझं दुकान चिकटून आहे. विरुपाक्षअप्पांकडचे उंदीर तिकडची तूर खाऊन कंटाळले की चवपालट म्हणून माझ्याकडं हरभऱ्याला येतात.

गणपतीचं वाहन म्हणून ही भूतदया असेल, असं मला आधी वाटायचं. तसं म्हटलं तर अप्पा उसळले. "वाहन न्हाय हो! परयोगशाळेत आपल्यापायी पाठ मोडून घेतंय ते जनावर. त्याला इख घालता व्हय?"

अप्पांची लेक महादेवी सहा वर्षांपूर्वी पोत्यांच्या थप्पीवरून पडली. कमरेखाली तिला काहीच कळत नाही. तेव्हापासून सातवी नापास अप्पा शास्त्रज्ञ झाले. कुणी "मणका गेला" म्हटलं की लगेच दुरुस्ती, "मणका न्हाय, मज्जारज्जू!" कुठल्याशा देशातल्या प्रयोगशाळेत मज्जारज्जू दुखावलेला उंदीर चार पावलं चालला, अशी बातमी आली की हे पेपर घेऊन बाजारभर. एकदा तर पेढे वाटले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय! "पण माणसावर कधी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, तेही कानडीत, "स्वल्प तडी!" म्हणजे जरा दम धरा. सहा वर्षं आम्ही दमच धरतोय.

परवा त्या उंदरांनी माझी हरभऱ्याची दोन पोती कुरतडली. डोकंच फिरलं. आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तडक त्यांच्या घरी गेलो. अप्पा आत तेल कोमट करत होते. महादेवी खाटेवर बसून शिवायला आलेल्या ब्लाउजला हुक लावत होती. मी तिलाच सुनावलं, "बापाला सांग तुझ्या, उंदीर चालला म्हणून माणूस चालत नसतो."

"मला ठाव हाय की, काका," ती हळूच म्हणाली. "माणसावर अजून जमलं न्हाय, असं बातमीच्या खाली लिवलेलं असतंय. मी शेवटपत्तुर वाचते, अप्पा निम्म्यातच उठतेत. पर त्यान्ला बोलू नका. त्या दिवशी थप्पीवर चढ म्हणून त्यांनीच सांगितलं हुतं मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी चारचौघांत ह्या माणसाची टिंगल केली, आणि थप्पीवर तिला चढवलं कुणी, हे कधी विचारलंसुद्धा नाही.

अप्पा तेलाची वाटी घेऊन आले. मला "बसा की" म्हणाले आणि खाटेच्या पायथ्याशी बसून लेकीचे तळवे चोळू लागले. मग तिचा अंगठा चिमटीत दाबून त्यांनी विचारलं, "कळतंय का गं?"

महादेवीनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"कालच्यापेक्षा जरा जास्तच कळालं, अप्पा."